बदकांना न पटलेला कोट

बसा असे इकडं, शेगडीच्या बाजूला. उद्या पहिल्या गाडीनं वरच्या तळ्यावर निघालाय ना, पाखरं बघायला? जा की, कोण अडवतंय. दुर्बीण झकास आहे, बूटही भक्कम दिसतात. फक्त तुमचा तो कोट बघितला आणि मला राहवेना. एक गोष्ट सांगतो. लांबण लावत नाही, पण मधेच उठायचं नाही. गोष्ट कोटाचीच आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

खाली बाजाराच्या वळणावर शिवणाचं दुकान आहे, येताना दिसलं असेल. दहा बाय दहाची खोली. एक पायमशीन, एक कापायचं टेबल आणि एक आरसा, तोही असा की त्यात माणूस जरा बारीक दिसतो. गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून मुद्दाम तसला शोधून आणलाय म्हणतात. तिथं जी बाई बसते तिला सगळं गाव टाकाबाई म्हणतं, कारण तिचा टाका उसवत नाही. पँट फाटेल, पण तिनं शिवलंय तिथं फाटणार नाही. तोंडात कायम टाचण्या. त्यामुळं काहीही विचारा, उत्तर एकच, "हं." त्या 'हं'चे दहा-पंधरा प्रकार होते आणि ते फक्त तिच्या नवऱ्याला कळायचे.

नवरा म्हणजे बगळा. तेही गावानंच ठेवलेलं नाव. उंच, काटकुळा, मान पुढं, आणि उभा राहिला की तासभर हलायचा नाही. सदतीस वर्षं पोस्टमन होता. या डोंगरातली एक वस्ती सोडली नाही त्यानं, बर्फ असो नाहीतर चिखल असो. आणि एकदाही परतीची गाडी चुकवली नाही, हे ध्यानात ठेवा. रिटायर झाला तेव्हा बाकीचे म्हातारे चौकातल्या बाकावर जाऊन बसले, हा नाही बसला. खांद्यावरची पिशवी उतरली आणि गळ्यात दुर्बीण आली.

आता हे दिवस तुम्हाला माहीतच आहेत. पानगळ संपत आली की वरच्या तळ्यावर पाखरं उतरतात, लांबून आलेली. आठ-दहा दिवस खातात, दम घेतात आणि पुढं जातात. मग तळं गोठतं आणि खेळ खलास. तेवढे दिवस बगळा घरात असून नसल्यासारखा. जेवताना सुद्धा तेच पुराण.

"आज शेंडीवाली बदकं आली. दोनशे तरी असतील."

"हं."

"काठाकाठानं चरत येतात गं. अगदी शिस्तीत, एक दगड सोडत नाहीत. आणि माझ्यापाशी आली की पन्नास पावलांचा वळसा घालतात. जसं काही मी पाण्यात दोरीच बांधून ठेवलीय. मी उठून गेलो की दहा मिनिटांत तिथंही शिरतात."

"हं."

"त्यांना मी दिसतो. कसा दिसतो तेच कळत नाही."

यावर टाकाबाईनं पहिल्यांदा टाचण्या काढून हातात घेतल्या. म्हणाली, "कोट शिवते तुम्हाला. बघू कसे दिसताय ते."

बरं, बाईचा स्वभाव असा की काम घेतलं की त्यात जीव ओतणार. दुकानातली उरलेली सगळी तपकिरी कापडं काढली तिनं. विटकरी, मातकट, सुकल्या गवतासारखी, कुजल्या पानासारखी. त्यांचे वेडेवाकडे तुकडे कापले आणि एकाला एक जोडले. बटणं चमकतात म्हणून त्यांनाही कापडानं मढवलं. डोक्यावर टोपडं, तेही तसलंच. आतून ऊब राहावी म्हणून लोकरीचं तांबडंलाल अस्तर लावलं, जुन्या ब्लँकेटचं. कोट तयार झाला तेव्हा बगळा तो घालून मागच्या परसात गेला आणि लाकडाच्या ढिगापाशी उभा राहिला. टाकाबाई चुलीला लाकूड आणायला गेली. वाकली, हात घातला आणि लाकूड म्हणून नवऱ्याचा गुडघा धरला.

किंचाळली असेल असं वाटेल तुम्हाला. नाही. गुडघा धरूनच म्हणाली, "हं." हा खुशीतला 'हं' होता.

पण पहिल्या दिवशी बगळा तळ्यावरून आला तो जरा पडलेल्या चेहऱ्यानं.

"कोट भारी झालाय," म्हणाला. "तळ्यावरचा गार्ड माझ्याजवळून गेला, त्याला दिसलो नाही."

"आणि बदकं?"

"बदकांना काही पटला नाही."

"म्हणजे?"

"वळसा घातला. पन्नास पावलं."

टाकाबाईला हे लागलं. चाळीस वर्षांत तिचं शिवण कुणी परत आणलं नव्हतं आणि आता बदकं नावं ठेवणार. "तुम्ही हलला असाल," ती म्हणाली.

"दुर्बीण वर करताना हात हलणारच ना. मला वाटतं ते आतलं तांबडं दिसत असावं. कोट जरा उघडतो, तेवढ्यात झळकतं."

टाकाबाईनं कोट ओढून घेतला, कात्री घेतली आणि जेवणाच्या ताटावरच अस्तर उसवायला बसली. तांबडं काढलं, त्या जागी मातकट लोकर लावली. तांबड्याची घडी करून टेबलाखालच्या खोक्यात फेकली. धागा दातानं तोडत म्हणाली, "घ्या. आता बदकंच काय, मीसुद्धा ओळखणार नाही तुम्हाला."

माणूस बोलून जातो हो. दुसऱ्या दिवशी दुपारी हेच वाक्य तिच्या कानात घण घातल्यासारखं वाजायला लागलं.

सकाळी सहाच्या गाडीनं बगळा गेला. परतीची गाडी एकला बाजारात येते. टाकाबाई दुकानाच्या दारातूनच बघते, तो उतरतो, दोघं घरी जेवायला जातात. त्या दिवशी गाडी आली, माणसं उतरली, दार बंद झालं. बगळा नाही. ती रस्ता ओलांडून ड्रायव्हरपाशी गेली.

"काका नव्हते वर फाट्याला," ड्रायव्हर म्हणाला. "मी दोनदा हॉर्न दिला. पाच मिनिटं थांबलोही."

"एखादं पाखरू सापडलं असेल," ती म्हणाली.

"असेल की. पायी येतील मागनं."

ती परत मशीनवर बसली. एका पोराचा सदरा शिवायला घेतला होता. बाही जोडली. उचलून बघते तर बाही उलटी जोडलेली, उजवीची डावीला. ती बघत राहिली. नवी शिकाऊ असताना सुद्धा तिच्या हातून असं झालं नव्हतं. मग तिनं मशीनवर कापड टाकलं आणि दुकान उघडंच ठेवून घरी गेली, उगीच, कदाचित दुसऱ्या वाटेनं आला असेल म्हणून. घरात कुणी नव्हतं. खुंटीवर मात्र शिट्टी लटकत होती. वर जाणाऱ्या सगळ्यांना गार्ड सांगतो ना, शिट्टी गळ्यात ठेवा म्हणून? ती. दुर्बिणीवर आपटून किणकिण करते, पाखरं बिचकतात, म्हणून तो घरी ठेवून गेलेला.

फोन लावायचा प्रश्नच नाही. वर तळ्याच्या खोलगटात फोन लागत नाही, उद्या तुम्हालाही कळेल.

ती तशीच निघाली ती आरागिरणीत. तिचा दीर तिथं फोरमन आहे. हा असा आडवा गडी, आणि करवतीच्या आवाजावर ओरडून ओरडून आवाज असा झालेला की कानात बोलला तरी शेजारच्या गल्लीत ऐकू जातं.

"या वहिनी," तो म्हणाला. "काय झालं?"

"ते आले नाहीत गाडीला."

"बगळा आहे तो. उडून येईल." गिरणीतली दोन माणसं हसली. तोही हसला. मग त्यानं तिच्याकडं नीट बघितलं आणि हसू तसंच अर्धवट राहिलं. "वहिनी, तोंडातल्या टाचण्या कुठंयत?"

"भावजी, गाडी काढा."

उतरवायच्या फळ्या त्यानं तशाच गाडीत राहू दिल्या आणि किल्ली फिरवली.

वर पोहोचायला तीन वाजले. तळं तुम्ही उद्या बघालच. एका बाजूला नुसता खडक, दुसऱ्या बाजूला झाडी थेट पाण्यापर्यंत उतरलेली, मधे बोरूचं गवत, पडलेली झाडं, आणि सगळीकडं पाचोळा, गुडघा गुडघा. सावलीतल्या कडेला पाण्यावर काचेसारखा बर्फाचा पापुद्रा धरलेला. गार्ड चौकीतून बाहेर आला. नवीन बदलून आलेला गडी, नाकाचा शेंडा थंडीनं लाल.

"सकाळी बघितलं मी त्यांना," तो म्हणाला. "साडेसातला आत गेले. बाहेर आलेले नाहीत. मला वाटलं, रोजच्यासारखं बसले असतील कुठंतरी." त्यानं डोंगराकडं हात केला. "काकू, साडेचारला ऊन त्या कड्यामागं जातं. मग एका तासात अंधार. मी वायरलेसवरून खाली निरोप देतो, पण माणसं यायला सात वाजतील."

"रात्री थंडी किती पडते?" दिरानं विचारलं.

गार्डनं तिच्याकडं बघितलं. मग दिराला हळूच म्हणाला, "काल बादलीतलं पाणी तळापर्यंत गोठलं होतं." हळूच म्हणाला, पण तिनं ऐकलं.

"बरं, अंगावर काय कपडे आहेत त्यांच्या?" गार्डनं वही काढली. "खाली सांगायला हवं."

"कोट."

"रंग कुठला?"

टाकाबाईनं नुसता हात उचलला आणि समोरचा सगळा उतार दाखवला. पाचोळा, बुंधे, सुकलेलं गवत, ओली माती. "हा," ती म्हणाली. "हा रंग."

गार्डनं एकदा उताराकडं बघितलं आणि वही मिटली.

मग शोधाशोध सुरू झाली. दीर झाडीतून चालला होता, "दादा! ए दादा!" करत. त्याच्या आवाजानं तळ्यावरची सगळी बदकं एकदम उठली, पंखांचा नुसता धबधबा झाला, आणि पार मधोमध जाऊन बसली. गार्ड खडकाच्या बाजूनं गेला. टाकाबाई काठानं निघाली.

आणि तिथं तिला भीती म्हणजे काय ते कळलं. अंधाराची भीती, सापाची भीती, ती वेगळी. ही अशी होती की प्रत्येक ओंडका बगळा वाटत होता. एक खोड झाडाला टेकून बसल्यासारखं दिसलं. ती धावली, हात लावला, ओलं लाकूड. पाचोळ्याचा एक ढीग कुशीवर झोपलेल्या माणसासारखा. "अहो," म्हणून तिनं हातानं उपसला. खाली चिखल. दहा पावलांवर आणखी एक. मग आणखी एक. सगळं रान त्या कोटाचं होऊन बसलं होतं. विटकरी, मातकट, गवती, कुजकं, जोडाला जोड, टाक्याला टाका. तिनं स्वतः निवडलेले रंग. तिनं स्वतः मढवलेली बटणं.

काठ संपेपर्यंत ती गेली आणि तशीच परत आली. परत येताना तिच्या मनात एक गोष्ट शिरली, आणि ती जागच्या जागी थांबली. ते इथंच असले तर? मी त्यांच्याजवळून गेले असेन तर? लाकडाच्या ढिगाशी दोन हातांवरून मला दिसले नव्हते, परसात, भर दुपारी. इथं कसे दिसणार?

आणि हाक का मारत नाहीत? हाक मारत नाहीत याचा अर्थ तिनं लावायला घेतला आणि मधेच सोडून दिला.

ऊन कड्याला टेकलं होतं. दीर आणि गार्ड चौकीच्या उंचवट्यावर परत आले. दिराचा आवाज बसला होता, आयुष्यात पहिल्यांदा. "पाय घसरून पाण्यात..." असं काहीतरी तो गार्डला म्हणत होता आणि ती आल्यावर थांबला.

"आणखी एक फेरी मारू," गार्ड म्हणाला. "हाका मारत. जोरानं."

टाकाबाई पाण्याकडं बघत होती. तळ्याच्या मधोमध बदकांचा काळा पुंजका. घाबरलेला, एकमेकांना चिकटलेला. काठ सगळा रिकामा.

"नको," ती म्हणाली. "हाका नको. खाली बसा दोघं."

"काय?"

"बसा, भावजी. तोंड मिटून बसा. हलू नका. गार्डसाहेब, तुम्हीसुद्धा."

"काकू, उजेड तासभर राहील फार तर. असं हातावर हात ठेवून..."

"ते रोज सांगायचे मला," ती म्हणाली. बोलताना तिचे दात वाजत होते, थंडीनं म्हणा नाहीतर कशानं. "माणसं गप्प झाली की बदकं चरायला काठाला येतात. सगळ्या काठाला. जिथं माणूस असेल तेवढी जागा सोडतात. पन्नास पावलं. आपल्याला दिसत नाहीत ते. त्यांना दिसतील."

गार्डनं दिराकडं बघितलं. दीर एका दगडावर धपकन बसला आणि त्यानं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.

ती वीस मिनिटं, पाहुणे, तिनं मला मिनिटामिनिटानं सांगितली. ऊन कड्यामागं गेलं. तळ्यावर निळसर सावली आली आणि गारठा असा आला की कानाच्या पाळ्या दुखायला लागल्या. आपला माणूस कुठंतरी पडलाय, घड्याळ पळतंय, आणि आपण बसलोय. उठावं, धावावं, ओरडावं असं अंगातलं हाड न् हाड म्हणतंय, आणि ओरडलं की सगळं मुसळ केरात. ती दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसली होती.

आणि त्यातच तिला दुसरं सुचलं. कोट नवा होता. म्हणजे अस्तर बदलल्यावर नवा. तांबडं होतं तोवर बदकांना तो दिसला. आता तांबडं नाही. कालच तिनं ते उसवलं, स्वतःच्या हातानं, रागानं. आता जर कोट बदकांनाही पटला असेल? मग ती सरळ त्याच्या अंगावरून चरत जातील आणि आपण इथं बसून बघत राहू. चाळीस वर्षं शिवत आलेली बाई ती. मनात एकच चाललं होतं, देवा, माझं काम वाईट झालेलं असू दे. एवढं एक काम वाईट झालेलं असू दे.

पहिल्यांदा दोन बदकं सुटली पुंजक्यातून. मग सात-आठ. मग सगळा पुंजका हळूहळू पसरायला लागला, तेलाचा थेंब पसरावा तसा. खडकाच्या बाजूनं काठाला लागली. माना पाण्यात, शेपट्या वर. चरत चरत निघाली. खडकाचा काठ भरला. कुठं मोकळी जागा नाही. छोट्या ओहोळाचं तोंड भरलं. तिथंही नाही. बोरूचं गवत आलं. ती गवतात शिरली आणि पलीकडून बाहेर आली.

"काकू..." गार्ड पुटपुटला.

"गप."

सपाट दगड आला. भरला. वाकलेलं झाड आलं. त्याच्या फांद्यांखालून गेली सगळी, एकामागं एक, जणू तिथं कुणी कधी नव्हतंच. टाकाबाईला समोरचं धूसर दिसायला लागलं. आता थोडाच काठ उरला होता. कोट चांगला झालाय, तिच्या मनात आलं. कोट फार चांगला झालाय.

पुढचं बदक थांबलं.

पाण्यात आडवं पडलेलं एक जुनं खोड होतं, अर्धं काठावर, अर्धं पाण्यात. त्याच्या बऱ्याच अलीकडं ते बदक थांबलं, मान ताठ केली आणि तिरकं आत वळलं. मागची सगळी त्याच्यामागं वळली. पाण्यावर अर्धं वर्तुळ काढल्यासारखी गेली, खोडाला वळसा घालून, आणि पलीकडं लांबवर परत काठाला लागली. मागनं दुसरा घोळका आला. तोही तिथंच वळला.

"तिथं," ती म्हणाली आणि बोट दाखवलं.

"कोल्हाही असू शकतो," गार्ड म्हणाला. पण तो म्हणेपर्यंत दीर निम्मा उतार उतरला होता.

खोडापाशी पोहोचले तर काही नाही. खोड, पाचोळा, चिखल. या जागेवरून टाकाबाई दोनदा गेली होती, स्वतःच्या बुटांचे ठसे दिसत होते. दीर तर तसाच उभा राहिला, पांढराफटक. नंतर कळलं, तासाभरापूर्वी तो याच खोडावर बसून बुटाची नाडी बांधून गेला होता.

टाकाबाई गुडघ्यावर बसली. बघायचं सोडूनच दिलं तिनं. डोळ्यांवर आता तिचा भरवसा नव्हता. खोडाखालच्या पाचोळ्यात हात घातला आणि बोटांनी चाचपत गेली, पानं, पानं, ओली साल, पानं, आणि मग बोटाखाली शिवण लागली. दुहेरी शिवण. दर बोटाला नऊ टाके. ती जगात एकच बाई घालते.

"भावजी, इथं," ती म्हणाली.

खोड आणि काठ यांच्या मधल्या खोबणीत बगळा पडला होता. सकाळी बर्फाच्या पापुद्र्यावर पाय घसरून खोडावर आपटला होता, पायाचं हाड मोडलेलं, बरगड्या मोडलेल्या. पाण्यातून कसाबसा अंग ओढत बाहेर आला आणि तिथं अडकला. बरगड्या मोडल्यावर हाक मारता येत नाही हो, श्वासच आत जात नाही. त्यात टोपडं तोंडावर आलेलं. ओठ निळे. डोळे मात्र उघडे होते, आणि सगळं अंग बारीक थरथरत होतं, थांबत नव्हतं. माणसांना ती थरथर दिसली नव्हती. बदकांना दिसली.

दिरानं गाडीतली एक फळी आणली, त्यावर निजवला, आणि तिघांनी उचलून वर नेला. टाकाबाई सगळा रस्ता त्याचे हात स्वतःच्या काखेत धरून बसली होती. खालच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी दोन तास गेले असते तर आम्हाला दाखवायला आणूच नका म्हटलं असतं.

वाचला. बघाल तुम्ही, चौकात काठी टेकत फिरतो. दीर आता रानात शिरला की कुजबुजत बोलतो, गिरणीतली माणसं त्याची नक्कल करतात.

पण गोष्ट तिथं संपत नाही. चार दिवसांनी बगळ्याला बोलता यायला लागलं. टाकाबाई खाटेशी बसून त्याला पेज भरवत होती. तो म्हणाला, "तुझे बूट बघितले मी."

"कधी?"

"तू दोनदा गेलीस. जाताना आणि येताना. टोपड्याच्या फटीतून तेवढंच दिसत होतं. माझ्या तोंडापासून एवढ्या अंतरावर." त्यानं चमच्याएवढं अंतर दाखवलं. "मी तुला हाक मारत होतो. तुला ऐकू येईना. मग धाकटा येऊन माझ्या डोक्यावर बसला. बूट बांधला आणि गेला."

टाकाबाई 'हं'सुद्धा म्हणाली नाही.

अजून तिला झोपेत तो काठ दिसतो, मला सांगत होती. ती चालत असते, सगळं विटकरी आणि मातकट असतं, आणि तिला माहीत असतं की पायाशी तो आहे आणि आपल्याला दिसणार नाही. मग दचकून उठते आणि शेजारी हात लावून बघते. लागतो. मग झोपते.

दवाखान्यातून आली त्याच दिवशी तिनं टेबलाखालचं खोकं ओढलं, तांबड्या अस्तराची घडी काढली आणि तिचे तळहाताएवढे चौकोन कापले. पहिला त्याच कोटाच्या पाठीवर लावला, दहा वेळा टाका घालून. बगळा म्हणाला, "बदकांना दिसेल." ती म्हणाली, "दिसू दे." ब्लँकेट संपल्यावर दुसरं आणलं. वर जाणारी गाडी माझ्या या लॉजच्या दारातून सुटते म्हणून तिनं त्या चौकोनांची एक पिशवी, सुई आणि दोरा माझ्यापाशी ठेवून दिलाय.

तुमचा कोट बघा बरं जरा आरशात. बुंध्याचा रंग, बटणंसुद्धा तसलीच. फार पैसे मोजले असतील, आणि बदकांना दिसू नये म्हणूनच घेतला असेल. पाच मिनिटांचं काम आहे, माझा टाका तिच्यासारखा नाही, पण धरेल. काढा तो कोट, आणि द्या इकडं.